उथळ पाण्यात पाणबुडी शोधणारी 'अर्नाळा'

पाणबुडी खोल समुद्रात सापडणं अवघड आणि किनाऱ्याजवळ सोपं, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात बरेचदा उलटंच असतं. मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर असलेल्या बॉम्बे हायच्या तेलक्षेत्रात समुद्र जेमतेम 75-80 मीटर खोल आहे. अशा पाण्यात बॅटरीवर चालणारी, इंजिन बंद ठेवून हळूहळू सरकणारी डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडी हुडकणं हे नौदलाच्या सर्वांत किचकट कामांपैकी एक. भारताने त्यासाठी खास नौकांचा एक वर्गच बांधायला घेतला आहे. पहिली नौका 'आयएनएस अर्नाळा' 18 जून 2025 रोजी विशाखापट्टणमला नौदलात दाखल झाली.

पाण्याखाली प्रकाश फार लांब जात नाही, रडारच्या लहरी तर जवळजवळ लगेच विरतात. उरतो आवाज. तो समुद्रात सेकंदाला साधारण 1,500 मीटर वेगाने, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगाने धावतो. पाण्याखालच्या वस्तू हुडकणारं 'सोनार' हे यंत्र याच आवाजावर चालतं: एक तर ध्वनिलहर सोडून प्रतिध्वनी ऐकायचा, नाहीतर नुसतंच कान देऊन बसायचं.

अडचण अशी की आवाज पाण्यात सरळ जात नाही. गरम पाण्यात त्याचा वेग जास्त, गारव्यात कमी, आणि लहर नेहमी कमी वेगाच्या बाजूला वळते. दुपारी उन्हाने वरचा थर तापला की नौकेच्या बुडाला बसवलेल्या सोनारची लहर खाली वाकते. सकाळी दूरवर ऐकू येणारं सोनार दुपारी आखूड पल्ल्याचं होऊन बसतं. खोल समुद्रात वाकलेल्या लहरीला निदान जागा तरी असते. उथळ पाण्यात ती तळावर आपटते, वर येते, पृष्ठभागावरून परतते आणि पुन्हा तळावर जाते. रिकाम्या हॉलमध्ये बोललेलं शब्दांवर शब्द चढून कळेनासं होतं, तसाच हा गोंधळ. त्यात तळ चिखलाचा असेल तर तो आवाज पिऊन टाकतो, खडकाळ असेल तर फेकून देतो. पावसाळ्यात नद्यांचं गोडं पाणी मिसळलं की हिशेब परत बदलतो.

शिवाय समुद्र गप्प नसतो. नांगी आपटून बुडबुडा फोडणाऱ्या कोळंबीच्या जातभाईंची तडतड दुसऱ्या महायुद्धात पाण्याखाली कान लावून बसलेल्यांनाही सतावत होती. आपल्याकडचे घोळ, ढोमा हे मासे पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू थरथरवून ढोल वाजवल्यासारखा आवाज काढतात. (घोळीची हीच पिशवी बाजारात सोन्याच्या भावाने जाते.) वर ट्रॉलरांची इंजिनं, खाली बुडालेल्या जहाजांचे सांगाडे. हलणारी पाणबुडी प्रतिध्वनीची पट्टी, म्हणजे सूर, किंचित बदलते, म्हणून ती स्थिर तळापासून वेगळी ओळखता येते. तीच तळावर टेकून निपचित पडली, तर हाही आधार जातो.

म्हणून या नौकांवर बुडाच्या सोनारखेरीज कमी वारंवारितेचं, केबलने खाली सोडता येणारं सोनारही आहे. तापलेल्या थराच्या खाली उतरवलं की ते त्या थराची अडचण टाळून ऐकू शकतं. कमी वारंवारितेचा आवाज पाण्यात कमी शोषला जातो, त्यामुळे पल्लाही वाढतो. माझ्या मते या नौकेची खरी किंमत इथे आहे, तोफेत नाही.

दुसरी लक्षवेधी गोष्ट ढकलण्याची. 77.6 मीटर लांब आणि सुमारे 1,500 टनांच्या या नौकेला नेहमीचा उघडा पंखा नाही. डिझेल इंजिनं पाणी आत ओढून मागे जोरात फेकतात, म्हणजे वॉटरजेट. या पद्धतीने चालणारी ही भारतीय नौदलातली सर्वांत मोठी युद्धनौका. पंखा खाली लोंबत नसल्याने पाण्यातली बूड सुमारे 2.7 मीटरच, आणि त्यामुळे मोठ्या विनाशिका जिथे जपून जातात तिथे ही बिनधास्त शिरते. हत्यारं म्हणाल तर हलके टॉर्पेडो, पाणबुडीविरोधी रॉकेटं, 30 मिलिमीटरची तोफ आणि सुरुंग पेरण्याची सोय.

अशा एकूण 16 नौकांचं काम दिलं आहे: आठ कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीकडे, आठ कोचीन शिपयार्डकडे. दोन्ही करार 2019 मधले. कोचीनची पहिली 'माहे' नोव्हेंबर 2025 मध्ये मुंबईत दाखल झाली. 'अर्नाळा'ला नाव मिळालं ते वसईच्या उत्तरेला, वैतरणेच्या मुखावर मराठ्यांनी 1737 मध्ये उभारलेल्या जलदुर्गाचं. याच नावाची एक जुनी सोव्हिएत बनावटीची पाणबुडीविरोधी नौका पूर्वी आपल्या नौदलात होती.

किनाऱ्यालगत पाणबुडी काय करू शकते, हे नौदलाला कुणी सांगायची गरज नाही. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवजवळ पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीने 'आयएनएस खुकरी' ही युद्धनौका बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले.

अर्नाळावर हेलिकॉप्टर उतरवायची जागा नाही, विमानं पाडणारी लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं नाहीत. त्यामुळे हवाई हल्ल्याच्या छायेत ती एकटी सोडण्याजोगी नाही. गोव्याच्या 'हंसा' तळावरून उडणारी पी-8आय ही सागरी टेहळणी विमानं दूरवर सोनोबॉय, म्हणजे पाण्यात तरंगत आवाज टिपणारी छोटी सोनार-यंत्रं, टाकून संशयाची जागा दाखवतील आणि शेवटच्या काही मैलांतला शोध या नौका घेतील, अशी विभागणीच तिला शोभते.