सफरचंद बुडत का नाही? हॅलोविनच्या खेळांमागचं विज्ञान

टबभर पाणी, त्यात तरंगणारी सफरचंदं, आणि हात पाठीमागे धरून नुसत्या दातांनी एखादं पकडायची मुलांची धडपड. ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय आणि तिथल्या स्थलांतरितांबरोबर तो अमेरिकेतही रुजला. भुताखेतांच्या या सणाचे बहुतेक खेळ नीट पाहिले तर भौतिकशास्त्राचे आणि रसायनशास्त्राचे प्रयोगच आहेत. खेळ संपल्यावर मुलांनी ‘असं का होतं?’ विचारलं, तर उत्तर देणं सोपं आहे आणि ते द्यायलाच हवं.

सफरचंद तरंगतं कारण त्याच्या आकारमानाचा साधारण चौथा हिस्सा हवा असते. बियांची पोकळी रिकामी असते म्हणून ते तरंगतं, असं अनेकांना वाटतं. तपासायचं तर बियांचा भाग काढून टाका आणि नुसत्या गराची फोड पाण्यात सोडा. तीही तरंगते. हवा गरातल्या पेशींच्या मधल्या फटींत भरलेली असते, आणि सफरचंद चावताना कुरकुरीत लागतं त्यातही या रचनेचा वाटा आहे. बटाट्यात अशी हवा फारच कमी, म्हणून तो तळाशी जातो. भोपळा मात्र आतून पोकळ असल्यामुळे छान तरंगतो. कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांतात विंडसर गावी १९९९ साली महाकाय भोपळे पोखरून, त्यांत बसून वल्हवायची शर्यत सुरू झाली, ती याच गुणाच्या जोरावर.

सफरचंदाचा साधारण पाचवा हिस्साच पाण्यावर दिसतो. तोंडाने दाबलं की ते आणखी बुडतं, जास्त पाणी बाजूला सारतं, आणि तेवढ्याच जास्त जोराने वर उसळतं. शिवाय त्याला धरून ठेवणारं काहीच नसल्याने ते गर्रकन फिरतं. म्हणून दात लागत नाहीत. युक्ती अशी: सफरचंद थेट टबाच्या तळापर्यंत दाबायचं. तळ खालून आधार देतो आणि चावा बसतो. पण त्यासाठी तोंड पाण्यात घालावं लागतं, म्हणून पाणी १५ सेंटिमीटरपेक्षा खोल नको, हात बांधायचे नाहीत, आणि एक मोठा माणूस टबाशेजारून हलता कामा नये. एका पाण्यात सगळ्यांची तोंडं जाणं आरोग्याला बरं नाही. प्रत्येक मुलाला वेगळी परात द्या.

नाहीतर जुना दुसरा प्रकार घ्या: दोरीला टांगलेलं सफरचंद. इथे ते लंबकासारखं झुलतं, आणि लंबकाच्या झोक्याला लागणारा वेळ लांबीवर ठरतो. टांगलेल्या जागेपासून सफरचंदाच्या मध्यापर्यंत १ मीटर अंतर असेल तर एक पूर्ण झोका सुमारे २ सेकंदांत होतो; २५ सेंटिमीटर असेल तर १ सेकंदात. म्हणजे लहानग्यांसाठी लांब दोरी, मोठ्यांसाठी आखूड. सफरचंद मधून जाताना सर्वांत वेगात असतं आणि झोक्याच्या टोकाला क्षणभर थांबतं. मुलं मधेच झडप घालतात आणि हुकतात. टोकाशी तोंड उघडून वाट पाहणारं मूल जिंकतं.

धुकं उसळणारी कढई हे पार्टीचं मोठं आकर्षण. त्यासाठी लागतो ड्राय आइस, म्हणजे उणे ७८.५ अंश सेल्सिअसचा घन कार्बन डायऑक्साइड. तो वितळत नाही, थेट वायू होतो. पांढरं दिसतं ते मात्र कार्बन डायऑक्साइड नव्हे. तो वायू अदृश्य असतो. दिसतात ते थंडीने बाष्पापासून झालेले पाण्याचे बारीक थेंब. दोन लिटर कोमट पाण्यात २५० ग्रॅम ड्राय आइस पुरे. काही मिनिटांत धुकं मंदावतं, कारण पाणी गार होतं आणि तुकड्यावर साध्या बर्फाचं कवच चढतं. गार पाणी काढून कोमट घाला, पुन्हा उसळतं.

याचाच सुंदर खेळ म्हणजे भविष्य सांगणारा स्फटिकगोल. काठ गुळगुळीत असलेलं भांडं कोमट पाण्याने अर्धं भरा आणि त्यात ड्राय आइसचा तुकडा टाका. भांडी घासायच्या द्रवसाबणाचे दोन चमचे अर्ध्या कप पाण्यात मिसळा, त्याने काठ ओला करा, त्यात भिजवलेली कापडाची पट्टी काठावरून ओढून पातळ पडदा तयार करा. आत साठणारा वायू पडद्याला फुगवत नेतो आणि धुक्याने भरलेला मोठा बुडबुडा डोलू लागतो. काठाचा एखादा बिंदू जरी कोरडा राहिला तरी पडदा तिथेच फाटतो. पाणी फार गरम असेल तर बुडबुडा घाईने फुगून फुटतो.

इथे जपायला हवं. एक किलो ड्राय आइसचा खोलीच्या तापमानाला सुमारे ५४० लिटर वायू होतो. झाकण घट्ट लावलेल्या बाटलीत तो ठेवला तर बाटली फुटते, आणि अशा स्फोटांत माणसं जखमी होतात. हा वायू हवेपेक्षा दीडपट जड, म्हणून जमिनीलगत साचतो, म्हणजे नेमका रांगणाऱ्या बाळाच्या आणि पाळीव प्राण्यांच्या नाकाशी. खिडकी उघडी ठेवा, गाडीतून आणताना काचा खाली करा. तुकडा मोठ्यांनीच, जाड हातमोजे घालून किंवा चिमट्याने उचलायचा. मुलांच्या पेल्यात तो कधीच टाकू नका. घरच्या फ्रीजरमध्येही तो टिकत नाही, कारण तिथलं उणे १८ अंश तापमान त्याच्या मानाने फार गरम. त्याच दिवशी विकत आणा.

चमकणाऱ्या ‘विषा’साठी टॉनिक वॉटर, म्हणजे कडसर चवीचं सोडापेय, घ्या. त्यातलं क्विनाइन हे कडू द्रव्य अतिनील प्रकाश शोषून निळा प्रकाश सोडतं. भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ साली क्विनाइनच्या द्रावणावर याचा अभ्यास केला होता. अंधाऱ्या खोलीत ३६५ नॅनोमीटर तरंगलांबीची अतिनील टॉर्च सर्वांत चांगली. ३९५च्या टॉर्चचा स्वतःचा जांभळा उजेड निळाईला झाकतो. टॉर्च कुणाच्या डोळ्यांत जाता कामा नये. आता खरी जादू: दोन पेल्यांत गॅस निघून गेलेलं टॉनिक वॉटर ओता आणि एकात चमचाभर मीठ ढवळा. त्याची चमक मंदावते, कारण मिठातले क्लोराइड आयन क्विनाइनला धडकून त्याची ऊर्जा प्रकाश होण्याआधीच काढून घेतात. गॅस असताना मीठ टाकलं तर फेस उतू जातो.

‘राक्षसाचा मेंदू’ करायला दोन कप कॉर्नफ्लोअरला एक कप पाणी लागतं. शेवटचं पाणी चमच्याने घाला. मुठीत दाबलं की घट्ट, सोडलं की बोटांतून ओघळतं. झटकन दाबल्यावर स्टार्चचे कण एकमेकांत अडकतात, हळू हात घातला तर पाण्यासकट सरकतात. अमेरिकेतल्या मराठी घरांनी पाकिटावर ‘कॉर्नस्टार्च’ लिहिलंय ना, ते पाहावं. ‘कॉर्न फ्लोअर’ नावाने तिथे मक्याचं पीठ मिळतं आणि त्याचा नुसता लगदा होतो. खेळून झाल्यावर मिश्रण सिंकमध्ये ओतू नका, स्टार्च खाली बसून पाइप तुंबतो. ताटात वाळू द्या आणि पूड कचऱ्यात टाका.