येळवशीला खिशात काय थरथरलं?

येळवशीला लातूर ओस पडतं. बाजारपेठेत कुत्रं दिसत नाही, सगळं गाव रानात. येळवशी म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावास्या, लातूर-धाराशिवकडचा रानातला सण. यंदा मी फोन मुद्दाम घरी कपाटात ठेवून निघालो.

कडब्याच्या कोपीत पाच पांडव म्हणून पाच दगड मांडून पूजा झाली. पत्रावळीत भज्जी आणि उंडे आले, शेजारी आंबिलीचं मडकं. पहिला घास तोंडात जातो न जातो तोच उजव्या मांडीवर फोन थरथरला. हात खिशात गेला. खिशात बोरं होती.

"काय हुडकायलास रं?" आत्यानं विचारलं.

"काही नाही," म्हटलं आणि दोन बोरं तिच्या हातावर ठेवली.

हा भास माझ्या एकट्याचा नाही. अमेरिकेतल्या २९० कॉलेज विद्यार्थ्यांना २०१२ च्या एका अभ्यासात याबद्दल विचारलं, तर दहातल्या जवळपास नऊ जणांना असं कधी ना कधी झालेलं होतं. त्वचेकडून मेंदूला सतत बारीकसारीक खबरा जात असतात: कापड घासलं, स्नायू फडफडला. एरवी त्या कचऱ्यात जातात. पण कॉल चुकण्याची धास्ती असलेला मेंदू रात्रीच्या राखणदारासारखा वागतो, पान हललं तरी "कोण हाय?"

ही धास्ती लागते कशी, याचा धागा कबुतरांपर्यंत जातो. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी पाहिलं, की टोच मारल्यावर दाणा कधी मिळतो, कधी नाही, असं ठेवलं तर कबुतर टोचतच राहतं. दाणे बंद झाले तरी लवकर थांबत नाही. फोन उघडल्यावर कधी कामाचा निरोप असतो, बहुतेक वेळा नुसतं 'शुभ सकाळ'. म्हणूनच तो परत परत उघडला जातो.

मग एक दिवस फोन सोडला की मन हलकं होतं का? २०२१ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि हाँगकाँगमधल्या ६०० जणांवर झालेल्या प्रयोगांत एक दिवस सोशल मीडियाविना काढून मनःस्थितीत काही फरक पडला नाही. हे वाचून माझा थोडा हिरमोडच झाला. पण मला त्यात नवल वाटत नाही. नुसता फोन काढून घेतला तर रिकामी जागा तेवढी उरते. कोपीत ती आत्यानं भरली. चुलत्यांच्या बांधाचं भांडण कसं मिटलं, हे तिनं तासभर सांगितलं. गेली दोन वर्षं ती हे फोनवर सांगू बघायची आणि मी "हं, हं" करत स्क्रीन सरकवत असायचो.

शरीराला मात्र उघड्यावरचे एक-दोन दिवसही पुरतात. घरात ट्यूबलाइटखाली २००-३०० लक्स (उजेडाचं माप) उजेड असतो, उघड्या रानात दुपारी पन्नास हजारांच्या वर. डोळ्याच्या पडद्यातल्या काही पेशी हा उजेड, त्यातही निळा, मोजून मेंदूतलं घड्याळ लावतात. अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या डोंगरात फक्त शनिवार-रविवार तंबूत राहिलेल्यांच्या शरीरात झोपेचं संप्रेरक मेलाटोनिन सुमारे १.४ तास लवकर वाढू लागलं होतं.

दिवस मावळल्यावर पोरांनी कडब्याच्या पेंढ्या पेटवून रानाभोवती फिरवल्या. जाळाच्या तांबूस उजेडात निळा भाग फारच थोडा, त्यामुळे तो त्या पेशींना फारसा जागवत नाही. परतताना जीपमध्ये आठलाच माझी मान आत्याच्या खांद्यावर पडली होती.