गॅलरीतल्या मडक्यामागची गोष्ट

दुकानात ज्याला सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात, तो बहुतेक वेळा बजरीगार, म्हणजे बजी असतो. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. बजी ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळरानांतला, आणि आपल्या गॅलरीतल्या पिंजऱ्यात तो इतक्या सहज अंडी घालतो याचं कारणही तिथेच आहे.

त्या माळरानांत पावसाचा नेम नसतो. पाऊस झाला, गवत दाण्यावर आलं की थवे तिथे उतरतात आणि निलगिरीच्या ढोल्यांत वीण सुरू होते. काड्या जमवून घरटं बांधायची रीतच नाही. मादी ढोलीच्या तळाशीच अंडी घालते. पिंजऱ्यात टांगलेलं मातीचं मडकं तिला ढोलीसारखंच वाटतं. एकच जोडी आणून वाट पाहणारे मात्र पुष्कळदा निराश होतात. हा थव्याचा पक्षी. नरांची किलबिल सतत कानावर पडली की मादीचं शरीर विणीसाठी तयार होतं.

1805 मध्ये इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॉ यांनी या पक्ष्याचं शास्त्रीय वर्णन केलं. 1840 मध्ये इंग्रज पक्षितज्ज्ञ जॉन गूल्ड जिवंत बजी घेऊन इंग्लंडला परतले आणि काही दशकांत युरोपात घरोघरी पैदास होऊ लागली. रानातला बजी हिरवाच. बेल्जियममध्ये 1870 च्या दशकात पिवळा आणि 1880 च्या सुमारास निळा निघाला. हिरवा म्हणजे पिसांतलं पिवळं रंगद्रव्य आणि पिसांच्या रचनेतून दिसणारा निळा यांचा मेळ; पिवळं गेलं की निळं उरतं. हा गुण सुप्त राहतो, त्यामुळे हिरव्या जोडीच्या मडक्यातून आजही अचानक निळं पिल्लू डोकावतं. तो आनंद पाहिलेल्यालाच कळेल!

आपल्याकडे घरचा पोपट म्हणजे रानातल्या ढोलीतून काढून आणलेलं पिल्लू. ती फार क्रूर रीत होती. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आणि त्यातल्या पुढच्या बदलांमुळे देशी पोपट पाळणं गुन्हा ठरलं. बजी परदेशी आणि पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच वाढलेला, म्हणून तो त्या बंदीत आला नाही.

चार ते सहा अंडी, सुमारे 18 दिवस उबवणी, महिन्याभरात पिल्लं बाहेर. रानात गवत सुकलं की वीण आपोआप थांबते. घरात राळ्याची वाटी कधी सुकत नाही, मादी थकेपर्यंत अंडी घालत राहते. दोन विणी झाल्या की मडकं काढून ठेवावं.