शेवटी निघणाऱ्याने नेमकं कोणतं बटण बंद करायचं?

ऑफिसच्या दारापाशी एक स्विचबोर्ड असतो. त्यावर बारा बटणं, सगळी एकसारखी पांढरी, एकावरही काही लिहिलेलं नाही. बोर्डाच्या वर हिरव्या झाडाचं स्टिकर: ‘वीज वाचवा, पर्यावरण वाचवा’. संध्याकाळी पावणेसातला शेवटचा माणूस निघतो, दोन-तीन बटणं दाबून बघतो, एखाद्यावर राउटर असेल तर पंचाईत नको म्हणून पुन्हा चालू करतो आणि घरी जातो. त्याला पर्यावरणाची चाड नाही असं नव्हे. कोणतं बटण कशाचं, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

घरात बटण दाबणारा आणि बिल बघणारा एकाच छताखाली राहतात, त्यामुळे महिन्यातून एकदा तरी वादावादी होते आणि पंखे बंद होतात. ऑफिसात बिल थेट अकाउंट्सकडे जातं. बसणाऱ्याला आपण किती वीज वापरली हे कधीच कळत नाही. ऑफिसातल्या वीज वाचवायच्या संदेशाला हीच फट बुजवायची असते, आणि घोषवाक्याने ती बुजत नाही.

सुरुवात मीटरपासून करा. एक आठवडा रोज संध्याकाळी ७ वाजता आणि सकाळी ९ वाजता रीडिंग लिहायचं. समजा, चाळीस जणांच्या ऑफिसात या १४ तासांत १८ युनिट पडले. एक युनिट म्हणजे हजार वॅट तासभर. १८ भागिले १४, म्हणजे रिकाम्या ऑफिसात सरासरी १३०० वॅट चालू होते. यातलं काय चालू राहायलाच हवं? राउटर आणि नेटवर्कचा स्विच, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, फ्रिज, यूपीएस स्वतः खातो ती वीज: सगळं मिळून साधारण ३०० वॅट. उरलेले हजार शोधायला रात्री एक फेरी मारावी लागते. दहा डेस्कटॉप मॉनिटरसह चालू, प्रत्येकी सुमारे ६५ वॅट. पॅसेजमधल्या आठ एलईडी ट्यूब, प्रत्येकी २०. गरम-थंड पाण्याचं मशीन रात्रभर पाणी तापवतंय आणि गारही करतंय. स्वच्छतागृहातले दोन एक्झॉस्ट. झाले हजार. रात्रीला १४ युनिट, पंचवीस रात्रींना ३५०. रविवारचा दिवस वेगळाच.

मोठ्या ऑफिसचा मीटर सीटीवर (मोठा प्रवाह ठरावीक पटीने कमी करून मीटरला देणारा करंट ट्रान्सफॉर्मर) चालत असेल, तर रीडिंगमधल्या फरकाला बिलावर छापलेल्या गुणकाने गुणावं लागतं. ते राहिलं की सगळा हिशेब कोसळतो.

रात्रीचाच आकडा का? कारण तो हवामानावर फारसा हलत नाही. मेच्या बिलाशी जुलैचं बिल ताडून ‘मोहीम यशस्वी’ म्हणणारे पुष्कळ असतात. ते यश पावसाचं असतं. शिवाय रात्रीची वीज वाचवताना कोणालाही उकडत नाही, कोणाचं काम अडत नाही, त्यामुळे भांडणाला जागा नाही. आणि हा आकडा दुसऱ्या दिवशी सकाळीच सांगता येतो. महिन्याने सांगितलेला आकडा कोणाच्याच कृतीशी जोडला जात नाही.

अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या इमारतींमध्ये झालेला आणि २०११ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग इथे उपयोगी आहे. काही इमारतींतल्या कर्मचाऱ्यांना आपल्या इमारतीचा वापर नियमित कळवला गेला. तिथे वापर ७ टक्क्यांनी घटला. काही ठिकाणी सहकाऱ्यांपैकीच कोणीतरी माहिती दिली. तिथे ४ टक्क्यांनी घटला. यातलं काहीच न मिळालेल्या इमारतींत तो ४ टक्क्यांनी वाढला.

आता मजकूर. सूचनेत कोणी, केव्हा, कोणतं बटण एवढं असलं की पुरे. आधी बटणांना नंबर आणि नावं द्या: १, २, ३ खिडकीची रांग, ४, ५ मधली रांग, ६ पॅसेज. मग बोर्डाशेजारी, डोळ्यांच्या उंचीवर: ‘शेवटी निघताना १ ते ६ बंद. ७ (राउटर) लाल आहे, त्याला हात नको.’ लाल टिकलीचं काम मोठं आहे. काय बंद करायचं नाही हे कळलं की बाकीचं बंद करायची भीती जाते. हीच सूचना रजेच्या परिपत्रकांशेजारी नोटिसबोर्डावर लावली तर वाया गेली, कारण वाचणाऱ्याचा हात तिथे बटणाजवळ नसतो. महिना-दीड महिन्याने डोळा तिला सरावतो, तेव्हा कागदाचा रंग बदला.

‘आपल्याकडे बहुतेक जण कॉम्प्युटर तसेच सोडून जातात, ही खेदाची बाब आहे.’ असे मेल हमखास निघतात आणि त्यांनी नुकसान होतं. वाचणाऱ्याच्या मनात उरतं ते ‘बहुतेक जण सोडून जातात’. अॅरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट उद्यानात दगड झालेल्या लाकडाचे तुकडे चोरीला जात. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सियाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी तिथे दोन फलक लावून पाहिले. आजवर अनेकांनी तुकडे नेल्यामुळे उद्यानाचं रूप बदललं, असं सांगणाऱ्या फलकापाशी मुद्दाम ठेवलेल्या तुकड्यांपैकी सुमारे ८ टक्के गायब झाले. नुसतं ‘कृपया नेऊ नका’ म्हणणाऱ्या फलकापाशी २ टक्क्यांहून कमी. तेव्हा ४० पैकी ३० कॉम्प्युटर बंद होते, तर ‘३० जणांनी बंद केले’ हेच लिहा. ते खरंही आहे.

तुलनेचा दुसरा धोका उलट्या बाजूने येतो. कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस गावात घरांना शेजाऱ्यांचा सरासरी वापर कळवला, तेव्हा जास्त वापरणाऱ्यांनी हात आखडला. पण आधीच काटकसर करणाऱ्यांचा वापर वाढला. ‘आपण तर फारच कमी वापरतो’ असं त्यांना वाटलं असावं. त्यांच्या पत्रावर नुसता हसरा चेहरा काढला आणि ती वाढ थांबली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जसाच्या तसा चालतो: सोमवारी सकाळी एक मेसेज, त्यात विभागवार रात्रीचे युनिट, गेल्या आठवड्याशी तुलना, कमी असलेल्यांना जाहीर शाबासकी. जास्त असलेल्यांची नावं नकोत, त्यांच्याकडे जाऊन बोला. आणि रोज मेसेज टाकू नका. ग्रुप म्यूट होतो.

शाबासकी कशावर खर्च करायची, हेही ठरवावं लागतं. रिकामे चार्जर प्लगमधून काढायच्या मोहिमा लोकप्रिय आहेत. मोबाइलचा रिकामा चार्जर पाव वॅटही खात नाही. वर्षभरात जेमतेम दोन युनिट. दीड टनाचा एसी रिकाम्या मीटिंग रूममध्ये दोन तास चालला की तेवढी वीज गेली. लोकांचं लक्ष हीसुद्धा मर्यादित चीज आहे, ती चार्जरवर उधळू नये. तसंच दहा मिनिटांनी मॉनिटर झोपवण्याचं सेटिंग आयटीवाले सर्व मशीनवर एकदाच करू शकतात. त्यासाठी माणसांना विनवण्यात अर्थ नाही. (स्क्रीनसेव्हरने वीज वाचत नाही, पडदा चालूच राहतो.)

एसीच्या तापमानाची गोष्ट मात्र नाजूक. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या मते सेटिंग एक अंशाने वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते, आणि १ जानेवारी २०२० पासून देशात स्टार लेबलचे रूम एसी २४ अंशांच्या मूळ सेटिंगनेच येतात. पण ‘उद्यापासून २५’ असं फर्मान काढलं की दुपारपर्यंत रिमोट गायब होतो. आधी फिल्टर धुवा; तुंबलेल्या फिल्टरवर २२ ठेवूनही गार होत नाही आणि दोष सेटिंगवर जातो. मग आठवड्याला एक अंश चढवा आणि सोबत पंखा चालू ठेवा. हवा हलती असली की दोन-एक अंश जास्त तापमानही तितकंच सुखाचं वाटतं. पश्चिमेच्या खिडकीपाशी उकडतं आणि झोताखाली बसलेल्या बाई शाल पांघरतात, या दोन्ही तक्रारी खऱ्या असतात. तक्रार कोणाकडे करायची त्याचं नाव आणि एक्स्टेंशन एसीखालीच लिहा.

जपानने २००५ मध्ये ‘कूल बिझ’ मोहीम काढली, ऑफिसांत उन्हाळ्यात २८ अंश. पंतप्रधान कोइझुमी स्वतः टायविना दिसू लागले. टाय न बांधता कामावर यायची मुभा वरून दिसल्याशिवाय २८ अंश कोणी सोसले नसते. आपल्याकडची हीच गाठ साहेबांच्या केबिनमध्ये असते. केबिन रिकामी, आत एसी १८ वर, आणि तो बंद करायची शिपायाची हिंमत नाही. यावर पोस्टर काम करत नाही. साहेबांनीच सर्वांसमोर, सहीनिशी सांगावं लागतं: ‘माझी केबिन दहा मिनिटं रिकामी दिसली तर एसी बंद करा, विचारायला येऊ नका.’

मोहीम ढेपाळते ती बहुधा वॉचमन बदलल्यावर. जुन्याला रीडिंग घेण्याची सवय झालेली असते, नव्याच्या हाती नुसती वही येते. डिजिटल मीटरचा पडदा आपोआप बदलत राहतो: तारीख, व्होल्टेज, मागणी, युनिट. नवखा माणूस समोर दिसेल ते लिहितो, आणि आठवडाभर वहीत रोज २३० च्या आसपासचे, म्हणजे व्होल्टेजचे, आकडे दिसतात. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर मीटरचा फोटो चिकटवा आणि ‘केडब्ल्यूएच’ (kWh, म्हणजेच युनिट) या अक्षरांभोवती लाल पेनाने गोल करा.