टिपकलेला घाम वाया जातो

मे महिन्यात 45 अंशांत वावरणारा नागपूरकर मुंबईला आला की 34 अंशांतच हैराण होतो. "इथं घामच वाळत नाही हो," म्हणतो. त्याचं निदान अचूक आहे.

आपण नुसते बसून असलो तरी शरीर जवळपास 100 वॉट उष्णता तयार करतं, जुन्या पिवळ्या बल्बाएवढी. ती सतत बाहेर गेली, तरच आतलं तापमान 37 अंशांच्या आसपास टिकतं. खोली 25 अंशांची असेल तर काळजी नाही. त्वचा त्याहून गरम असते, त्यामुळे बरीचशी उष्णता प्रारणाने, म्हणजे न दिसणाऱ्या किरणांच्या रूपात, भिंतींकडे जाते, थोडी वारा नेतो, थोडी गार फरशी. पण हवा 35 अंशांच्या पुढे गेली की हेच रस्ते उलटे वाहू लागतात. तापलेला पत्रा आणि झळा आपल्यालाच उष्णता देतात. मग उरतो फक्त घाम.

एक लिटर घाम वाळताना सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता नेतो. म्हणजे बसलेल्या माणसाची तासाभराची उष्णता घालवायला जेमतेम दीडशे मिलिलिटर पुरतो. मात्र तो अंगावरच वाळला पाहिजे. हनुवटीवरून टिपकलेल्या थेंबाबरोबर पाणी आणि मीठ जातं, थंडावा मिळत नाही. दमट हवेत पाणी नीट वाळत नाही. पाणी वाळवून गारवा देणारा कूलर विदर्भात चालतो आणि कोकणात निकामी ठरतो, तोही याचमुळे.

म्हणून नुसता पारा पाहणं मला धोक्याचं वाटतं. तापमापकाच्या फुग्याला ओलं कापड गुंडाळलं की उष्णता आणि दमटपणा दोन्ही एकाच आकड्यात येतात. हा आकडा 35 झाला तर माणूस सावलीतही फार काळ तगणार नाही, असं शेरवूड आणि ह्यूबर या हवामानशास्त्रज्ञांनी 2010 मध्ये मांडलं. पुढे अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात तरुण, धडधाकट माणसांवर प्रयोग झाले, तेव्हा दमट हवेत हा आकडा 31च्या आसपास असतानाच शरीराला आतलं तापमान आवरेनासं झालं. म्हाताऱ्यांची घामाची ताकद त्याहून कमी.

16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या उघड्या मैदानावरच्या सोहळ्यात उष्माघाताने 14 जण गेले. त्या दिवशी पारा चाळिशीच्या आतच होता. पण डोक्यावर ऊन होतं, खाडीकाठची हवा होती आणि दाट गर्दी होती. गर्दीत शेजारचा माणूस वारा अडवतो, आणि त्याचं अंगही आपल्याइतकंच तापलेलं असतं.