भामरागड
महाराष्ट्राच्या गडचिरोली जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण व छोटी नगरपंचायत. छत्तीसगडच्या सीमेलगत, आलापल्लीपासून सुमारे 65 किमी.वर, डोंगराळ व दाट वनांच्या प्रदेशात वसलेले आहे. इंद्रावती, पामुलगौतम व पर्लकोटा या नद्यांचा संगम गावाजवळच होतो. इंद्रावती ओडिशातील कालाहांडीच्या डोंगरात उगम पावते व बस्तरमधून येथवर येते. पुढे काही अंतर ती दोन राज्यांची सीमा होऊन सिरोंचा तालुक्यात सोमनूरजवळ गोदावरीस मिळते. पावसाळ्यात इंद्रावती फुगली की पर्लकोटेचे पाणी मागे तुंबते. मग आलापल्ली मार्गावरील ठेंगणा पूल बुडतो, पुराचे पाणी बाजारपेठेत शिरते व गावाचा संपर्क तुटतो.

जुन्या चांदा (आताच्या चंद्रपूर) जिल्ह्यातील जमीनदाऱ्यांत भामरागडची गणना होई. अहेरीची जमीनदारी त्यांत सर्वांत मोठी. हा भाग तेव्हा मध्य प्रदेशात असल्याने जमीनदाऱ्या त्या राज्याच्या 1950 च्या कायद्याने संपल्या. 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला, त्यात हा भाग आला.

नगरपंचायत 2014-15 च्या सुमारास, तालुका मुख्यालयांच्या ग्रामपंचायतींना नागरी दर्जा देण्याच्या राज्याच्या धोरणानुसार अस्तित्वात आली. तिच्या घटनात्मक आधाराविषयी मात्र मतभेद संभवतो. भामरागड संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे आदिवासीबहुल भागांसाठी विशेष तरतुदी असलेल्या क्षेत्रात, मोडते. नगरपालिकांविषयीचा संविधानाचा भाग 9-क अशा क्षेत्रांना लागू नाही, असे कलम 243-यग सांगते. संसदेने कायद्याने अपवाद व फेरबदल ठरवूनच तो लागू करायचा आहे. ग्रामपंचायतींसाठी असा कायदा 1996 मध्ये झाला, तोच ‘पेसा’. नागरी संस्थांसाठीचे विधेयक 2001 मध्ये राज्यसभेत मांडले गेले, पण त्याचा कायदा झाला नाही. स्थानिक शासन हा राज्यसूचीतील विषय असल्याने 1965 चा राज्याचा नगरपरिषद अधिनियम पुरेसा आहे, असे एक मत. संसदेच्या कायद्यावाचून नागरी संस्था स्थापता येत नाही, हे दुसरे. कलमाची शब्दरचना पाहता दुसरे मत अधिक सबळ वाटते. व्यवहार पहिल्याप्रमाणे चालतो. हा वाद केवळ कागदोपत्री नाही. पेसाखालील ग्रामसभेला तेंदूपाने, बांबू यांसारख्या गौण वनोपजावर जो अधिकार मिळतो, तो पंचायतीच्या रचनेशी जोडलेला आहे. गावाला नागरी दर्जा मिळाला की त्या अधिकाराचा आधार डळमळतो. वनहक्क कायदा (2006) वेगळा असल्याने त्याखालील हक्कांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो.

परिसरात माडिया गोंडांची वस्ती आहे. महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिवासी समूहांत कातकरी व कोलाम यांच्यासह त्यांचा समावेश होतो. माडिया बोली द्राविडी कुळातील असून गोंडीला जवळची आहे. मोहफुले व तेंदूपाने वेचणे हा उपजीविकेचा मोठा आधार. वनांत साग, ऐन, बीजा व बांबू आढळतात. जवळच्या हेमलकसा येथे बाबा आमटे यांनी 1973 मध्ये सुरू केलेला लोकबिरादरी प्रकल्प असून तेथील कार्यासाठी प्रकाश व मंदाकिनी आमटे यांना 2008 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. भामरागड अभयारण्य (104.38 चौ. किमी.) 1997 मध्ये घोषित झाले.