थोडक्यात हुकलेली जोडी

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तेव्हा ओळखीतल्या बऱ्याच जणांचा एकच सवाल होता: रमी आणि फॅन्टसी क्रिकेट हे डोक्याचे खेळ, त्यांना मटक्याच्या पंगतीला का बसवता? कायद्याने कौशल्य आणि नशीब हा भेदच बाजूला ठेवला, हे अनेकांना खटकलं. मला मात्र त्या वेळी चाळीतले आमचे शेजारचे काका आठवले. ते रोज आकडा लावायचे आणि त्यांच्या लेखी मटका हाही डोक्याचाच खेळ होता. त्यांच्याकडे लांबट वही होती, तिच्यात कित्येक महिन्यांचे आकडे रांगेने लिहिलेले. सकाळी नळावर भेटले की म्हणायचे, "ओपन बरोब्बर आला होता रे, क्लोजने घात केला."

या एका वाक्यात जुगाराचं अर्धं शास्त्र आहे.

मटक्याची सुरुवात कापसाच्या बाजारातून झाली. कापसाचे उघडते आणि बंद होते भाव न्यूयॉर्कहून मुंबईत कळवले जात, त्यांवर लोक पैजा लावत. ओपन आणि क्लोज हे शब्द तिथले. ते भाव येणं थांबल्यावर साठच्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी आकडे काढायची स्वतःची पद्धत बसवली. आधी मडक्यातून चिठ्ठ्या निघत, पुढे पत्ते आले. तीन पाने काढायची, बेरीज करायची, शेवटचा अंक घ्यायचा, तो ओपन. काही तासांनी तसंच पुन्हा, तो क्लोज. दोन्ही मिळून जोडी. जुना भाव साधारण असा: जोडी लागली तर रुपयाला नव्वद रुपये.

शक्य जोड्या शंभर, मिळणार नव्वद पट. म्हणजे काढणारा अगदी प्रामाणिक आहे असं धरलं तरी लावलेल्या दर शंभर रुपयांमागे सरासरी दहा रुपये त्याच्याकडे राहतात. इतकं गणित बहुतेकांना कळतं, काकांनाही कळत होतं. न दिसणारं गणित वेगळंच आहे.

समजा तुम्ही 47 लावली. ती लागायची शक्यता शंभरात एक. आता "थोडक्यात हुकली" असं किती वेळा वाटेल, ते मोजू. दोन्हीपैकी नेमका एकच अंक बरोबर आला, अशा जोड्या 18. दोन्ही अंक एकेकाने मागेपुढे झाले (36, 38, 56, 58), अशा 4. उलटी आली, 74, ती 1. शिवाय मटक्याच्या बोलीत 'कट' असतो: प्रत्येक अंकाचा पाचाने पुढचा जोडीदार, म्हणजे 4 चा 9 आणि 7 चा 2. या कटांची अदलाबदल आणि उलटापालट करून जोडीची 'फॅमिली' बनते. त्यातून आधी न मोजलेल्या आणखी 4 निघतात: 92, 24, 29, 79. एकूण 27. खरी लागणारी एक, आणि जवळून गेल्यासारख्या वाटणाऱ्या सत्तावीस! कट आणि फॅमिलीने जिंकायची शक्यता तसूभरही वाढत नाही, हुकल्याची हळहळ तेवढी वाढते.

या हळहळीचं मेंदूत काय होतं ते पाहू. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्त्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींची, म्हणजे डोपामिन हे निरोप पोचवणारं रसायन सोडणाऱ्या पेशींची, नोंद घेतली. अचानक फळांचा रस मिळाला की त्या पेशी जोरात कडकडत, म्हणजे भराभर विजेचे संदेश सोडत. दिवा लागला की थोड्या वेळाने रस मिळतो हे माकडाला कळल्यावर त्या दिव्यालाच कडकडू लागल्या, आणि प्रत्यक्ष रस मिळाला तेव्हा शांत. दिवा लागूनही रस नाही आला, तर त्यांचा नेहमीचा वेग त्या क्षणी खाली गेला. म्हणजे या पेशी आनंद मोजत नाहीत. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक मोजतात, आणि तो फरक मेंदूला पुढचा अंदाज सुधारायला सांगतो. फरक शून्य झाला की शिकणं थांबतं. जुगारात तो शून्यावर कधीच स्थिरावत नाही, कारण शिकण्यासारखं तिथे काही नसतंच. बक्षीस मिळायची शक्यता अर्धीअर्धी असते, तेव्हा निकालाची वाट पाहताना या पेशी हळूहळू चढत जातात, असंही 2003 च्या प्रयोगात दिसलं.

आता हुकण्याकडे या. आपण आंब्यावर दगड मारतो, दगड वीतभर बाजूने जातो. ही फार मोलाची बातमी असते: हात जमतोय, जरा डावीकडे. गोट्या, कॅरम, नेमबाजी, सगळीकडे जवळून हुकणं म्हणजे प्रगती. मेंदू हा नियम घेऊनच मटक्यासमोर बसतो. पण 46 आणि 47 यांच्यात अंतर नसतं. 46 आली काय नि 03 आली काय, उद्याच्या जोडीबद्दल दोघींतून सारखंच कळतं, म्हणजे काहीच नाही. 2009 मध्ये केंब्रिजच्या ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी लोकांना स्कॅनरमध्ये झोपवून चित्रं जुळवायचा खेळ दिला. थोडक्यात हुकल्यावर, जिंकताना जागे होणारे मेंदूचे भाग काही अंशी जागे झाले. लोक म्हणाले, वाईट वाटलं. तरी पुन्हा खेळायची इच्छा वाढली. ती वाढली केव्हा, तर चित्र खेळणाऱ्याने स्वतः निवडलेलं असताना. काकांची वही आठवते ती इथे. आपण निवडलेला आकडा हुकला की 'माझा अंदाज जवळ पोचला' असं वाटतं.

डोपामिनचा हात यात किती खोल आहे, याचा पुरावा पार्किन्सनच्या दवाखान्यातूनही मिळाला. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारखी डोपामिनची नक्कल करणारी औषधं घेणाऱ्या काही रुग्णांना, आयुष्यात पत्त्याला हात न लावलेल्यांनाही, जुगाराचं वेड लागलं. औषध कमी केल्यावर अनेकांचं ते उतरलं. मानसिक आजारांच्या अमेरिकन वर्गीकरणाने 2013 मध्ये जुगाराला दारू आणि अफूच्या व्यसनांच्या रांगेत बसवलं, ते उगाच नाही. म्हणून "मनावर ताबा नाही" असं म्हणून अशा माणसाला झिडकारू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या क्रमांकावर मोफत बोलता येतं.

आकडा देणाऱ्या बाबांबद्दल मात्र मला दयामाया नाही. दहा भक्तांना दहा वेगळे अंक दिले की एकाचा ओपन लागणारच. तो एक जण गावभर सांगत फिरतो, नऊ जण लाजेने गप्प बसतात. मोबाइलवर 'पक्का आकडा' विकणारे हेच करतात.

"दहा रुपयांचा तर खेळ," असं म्हणणाऱ्यांनी रक्कम पाहू नये, दोन डावांतला वेळ पाहावा. दिवसाला दहा रुपयांची एक जोडी लावली तर सरासरी तोटा दिवसाला एक रुपया. तोच हिशेब फोनवर मिनिटाला एक डाव असा आला, की तासात साठ रुपये आणि सोळा हळहळी. मटक्यात दोन हळहळींमध्ये निदान रात्रीची झोप आणि बायकोचं बोलणं यायचं. फोन उशाशी असतो. मग गेलेलं भरून काढायला उसनवार, गॅसचे पैसे, मुलांची फी, आणि घरातल्यांना पत्ता लागतो तो वसुलीवाल्याच्या फोननेच.

एकदा नववीच्या मुलांना मी हे मडक्यावर करून दाखवलं. शून्य ते नऊच्या दहा चिठ्ठ्या, प्रत्येकाने आपली जोडी वहीत लिहायची, चिठ्ठी काढून परत टाकायची, शंभर जोड्या. पैजेला पैसे नाहीत, खडूसुद्धा नाही. चाळिसाव्या जोडीपर्यंत वर्गात "अरे, एकाने गेली!" अशा आरोळ्या सुरू झाल्या. शंभर पूर्ण झाल्यावर मी मडकं उचललं, तर मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, अजून एकदाच काढा ना. माझी आता येणारच होती."